चारास एक

पुण्यातील एका प्रयोगशाळेत सेंद्रिय फ्लोरिन रसायनावर मी पंचवीसहून अधिक वर्षे काम केले. तेथील बहुतेक दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण पावसाळ्यातला एक मंगळवार मात्र तासातासाने लक्षात आहे. त्या दिवशी दुपारी एक शोधनिबंध पाठवायचा ठरला होता. मसुदा तयार होता, आकृत्या काढून झाल्या होत्या, आणि माझा विद्यार्थी सकाळी आठपासून माझ्या खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होता.

काम थोडक्यात असे होते. बेन्झिन वलयाला लागून असलेल्या कार्बनावरचा हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी फ्लोरिन बसवायचा, आणि रेणूत आधीपासून असलेल्या दुसऱ्या असममित कार्बनाच्या संगतीने तो कोणत्या बाजूने बसतो ते पाहायचे. त्यासाठी आम्ही डायएथिलॲमिनोसल्फर ट्रायफ्लोराइड, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘डास्ट’, वापरत होतो. हे अभिकर्मक नव्वद अंशांच्या वर तापवले तर स्फोटक रीतीने विघटते. ओलसर हवेत ते धुरते आणि हायड्रोजन फ्लोराइड सोडते. पुण्याच्या जुलैत त्याची बाटली उघडणे म्हणजे एक छोटा समारंभच असे: नायट्रोजनची नळी, कोरड्या बर्फाचे भांडे, दुहेरी हातमोजे, आणि शीतकपाटात कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल आहे ना, याची प्रत्येक वेळी नव्याने केलेली खात्री. पाण्यात विरघळलेले हायड्रोजन फ्लोराइड, म्हणजे हायड्रोफ्लोरिक आम्ल, सौम्य असेल तर त्वचेवर सांडल्याचे लगेच कळत नाही, वेदना काही तासांनी सुरू होतात. तोवर फ्लोराइड आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरून बसलेले असते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला रसायनाच्या आधी तो जेल कोठे ठेवला आहे हे शिकावे लागे.

विद्यार्थ्याच्या हाती आलेला निष्कर्ष देखणा होता. फ्लोरिनच्या एनएमआर आलेखात प्रत्येक फ्लोरिनची रेषा त्याच्या शेजारानुसार वेगळ्या जागी येते, आणि ती जागा पीपीएममध्ये मोजतात. त्यात अपेक्षित उत्पादनाचे संकेत उणे १६७ ते उणे १७० पीपीएमच्या पट्ट्यात दिसत, आणि नमुना रात्रभर नळीतच ठेवला की ते उतरत जाऊन उणे १५१ जवळ दोन नव्या, अगदी शेजारी उभ्या रेषा वाढत. त्याचे म्हणणे असे की पहिले उत्पादन हे केवळ मधला टप्पा असून ते पुनर्रचित होऊन अधिक स्थिर रेणू तयार होतो. त्या रेणूचे दोन डायास्टिरिओमर, म्हणजे अणूंची जोडणी तीच पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेली रूपे, ८०:२० या प्रमाणात मिळतात. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा तो, ‘मॅडम, पीक चांगले आले आहे’ असे सांगताना त्याला त्या शब्दाची गंमत वाटे, कारण आलेखावरच्या टोकदार रेषेलाही इंग्रजीत ‘पीक’च म्हणतात. अडचण एकच होती: सिलिका भरलेल्या स्तंभातून शुद्ध करायला गेले की हे पीक हाती लागत नसे, लागे तो फ्लोरिन नसलेला, दुहेरी बंधाचा नुसता अल्कीन. फ्लोरिनयुक्त रेणू सिलिकावर नेहमीच रुसतात, असे म्हणून आम्ही दोघांनीही ती गोष्ट सोडून दिली होती.

साडेनऊच्या सुमारास काचकाम विभागातून मामा वर आले. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे, सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणे, आणि स्वतःहून जिना चढून ते क्वचितच येत. त्यांच्या हातात तडा गेल्यामुळे आम्ही दुरुस्तीला दिलेला गोल बुडाचा फ्लास्क होता.

‘‘मॅडम, हा जोडता येणार नाही. आतून खाल्लेला आहे. ज्योतीवर धरला की नवीन तडे जातात.’’

त्यांनी फ्लास्क खिडकीच्या उजेडात धरला. बुडाकडचा भाग धुरकट होता आणि द्रव जेथवर भरला जाई तेथे दुधी रंगाचे एक वलय उमटले होते, बाथरूमच्या खिडकीला लावतात त्या काचेसारखे. ‘‘ह्याला काय खाऊ घालता तुम्ही?’’ त्यांनी विचारले.

हायड्रोजन फ्लोराइड काच खाते, हे शाळेतली मुलेही सांगतील. पण त्या क्षणी मला आठवला तो स्वीडनचा औषधविक्रेता शेले. १७७१ साली त्याने फ्लोरस्पार आणि गंधकाम्ल काचेच्या बकपात्रात तापवले. ग्राहीपात्रातल्या पाण्यावर वाळूसारखा थर जमला, तेव्हा ह्या नव्या आम्लापासून पाण्याच्या संपर्काने सिलिका जन्मते, असे त्याला वाटले. ती सिलिका त्याच्या स्वतःच्या बकपात्राची होती, हे पुढच्या काही वर्षांत इतरांनी दाखवून दिले. शेलेसारख्या माणसाने भांड्याला उत्पादन समजावे, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात हसत सांगत असे.

मामांच्या हातातला फ्लास्क बोरोसिलिकेटचा होता. त्या काचेत सिलिकॉन असतो तसा बोरॉनही असतो. बोरॉनला भरपूर फ्लोराइड मिळाले की टेट्राफ्लोरोबोरेट आयन तयार होतो, आणि त्याचा फ्लोरिन-संकेत येतो उणे १५० च्या आसपास. निसर्गातला बोरॉन दोन समस्थानिकांचा असतो, बोरॉन-१० सुमारे वीस टक्के आणि बोरॉन-११ सुमारे ऐंशी टक्के. त्यांच्या वस्तुमानांतल्या फरकामुळे संकेत किंचित सरकतो आणि दोन रेषा दिसतात: डावीकडे लहान, उजवीकडे मोठी, चारास एक.

मी मसुद्यातला तक्ता उघडला. विद्रावक बदलला तरी ८०:२०, तापमान बदलले तरी ८०:२०, वलयावरचा गट बदलला तरी ८०:२०. मसुद्यात आम्ही ह्याला ‘निवडक्षमतेचे विलक्षण सातत्य’ असे म्हटले होते. खऱ्या डायास्टिरिओमरांचे प्रमाण इतके हट्टी नसते, हे मला आधीच खटकायला हवे होते.

विद्यार्थ्याला मी काहीच सांगितले नाही. त्याच्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे. उत्तर माझ्या तोंडून कळण्यापेक्षा त्याला ते आलेखावर दिसावे, एवढ्यासाठी. त्याने आजवरचे सगळे आलेख प्रोटॉनचे युग्मन, म्हणजे जवळच्या हायड्रोजनमुळे रेषेचे होणारे तुकडे, काढून टाकून घेतले होते, कारण तसे केले की रेषा सुटसुटीत दिसतात. मी त्याला तोच नमुना युग्मनासह मोजायला सांगितले. ज्या कार्बनावर फ्लोरिन आहे त्यावरच हायड्रोजन असेल तर रेषा साधारण ४८ हर्ट्झने फुटलीच पाहिजे. अर्ध्या तासाने तो कागद घेऊन आला. उणे १६७ जवळची राहिलेली रेषा फुलासारखी उमलली होती. उणे १५१ च्या दोन्ही रेषा मात्र जशाच्या तशा होत्या.

‘‘मॅडम, ह्याच्या शेजारी हायड्रोजनच नाही,’’ तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, ‘‘कार्बन तरी आहे का?’’

मग मी कपाटातून टेट्राब्युटिलअमोनियम टेट्राफ्लोरोबोरेटची बाटली काढून दिली. त्याने त्याचे दोन कण नळीत टाकले आणि पुन्हा मोजले. नवी रेषा एकही आली नाही. जुन्या दोन्ही उंचावल्या, तेच प्रमाण राखून.

पुढचा उलगडा त्यानेच केला. मूळ उत्पादन खरे होते, पण बेन्झिनशेजारच्या कार्बनावरचा फ्लोरिन आम्लाच्या सान्निध्यात सहज निसटतो. एक रेणू हायड्रोजन फ्लोराइड सोडून अल्कीन होतो, ते आम्ल दुसऱ्या रेणूला सोडायला लावते, आणि वाढत जाणारे आम्ल नळीची काच पोखरून बोरॉन बाहेर काढते. स्तंभातून मिळणारा अल्कीन तेथे तयार होत नव्हता, तो आधीच तयार असे.

संध्याकाळी तीच प्रक्रिया काचेऐवजी पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या कुपीत लावली, आम्ल पकडायला सोडियम फ्लोराइडची पूड घातली, आणि एनएमआरच्या नळीत फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचे अस्तर बसवले. त्या अस्तराचा स्वतःचा रुंद उंचवटा आलेखावर येतो, तसा तो यंत्राच्या आतल्या टेफ्लॉनचाही येतो. पण घन पदार्थाचा तो आळसावलेला डोंगर ओळखायला सोपा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे १५१ च्या जागी सपाट रेषा होती. मूळ उत्पादन जवळजवळ पूर्ण शिल्लक होते, आणि त्याच्या खऱ्या डायास्टिरिओमरांचे प्रमाण निघाले ५५:४५. ह्या आकड्यावर कोणी निबंध छापला नसता.

मसुदा अर्थातच गेला नाही. सहलेखकांना फोन करायचे काम माझे होते आणि ते मी पटकन उरकले.

विद्यार्थी मात्र काचकाम विभागात गेला. मामांना सगळे सांगावे असे त्याला वाटले होते. परत आला तेव्हा त्याच्या हातात आणखी तीन फ्लास्क होते. दुरुस्त न होणारी काच मामा फेकत नसत, कपाटाखालच्या खोक्यात ठेवत, आणि प्रत्येकाच्या मानेला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधत. तिन्हींवर तेच दुधी वलय होते. दोन फ्लास्क त्याचेच होते. तिसऱ्यावरची तारीख तो प्रयोगशाळेत येण्याच्या दोन वर्षे आधीची होती, आणि नाव माझे होते.

सगळे घरी गेल्यावर मी त्या वर्षाची वही काढली. पान सापडले. प्रक्रिया तीच होती, फक्त रेणू थोडा वेगळा, आणि उतारा कमी आल्याची नोंद होती. खाली आलेख चिकटवलेला होता, उणे १६० पासून उजवीकडचा. त्याच्या डावीकडचा भाग मी कात्रीने कापून टाकला होता, कारण वहीच्या पानावर तेवढाच मावत होता.