लेन्को परत फिरायला लागला

चोरबाजारातून आणलेला लेन्को एल ७५ शेवटी या रविवारी नीट वाजला, इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवेना. हा स्विस टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, यात थाळी फिरवायला बेल्ट नाहीच, मोटरचा शाफ्ट निमुळता असतो, त्याला एक उभं रबरी चाक टेकतं आणि तेच चाक वरच्या जवळपास ४ किलोच्या थाळीला खालून घासून फिरवतं. लिव्हर सरकवला की चाक शाफ्टच्या जाड-बारीक भागावर सरकतं, म्हणून मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांच्या मधलाही कुठलाही स्पीड मिळतो. काय डोकं लावलंय राव!

माझ्याकडे आला तेव्हा नुसती घरघर. आधीच्या कुणीतरी चाकावरच तेल सोडलेलं, रबर चकचकीत आणि बुळबुळीत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, कापड काळंकुट्ट होईपर्यंत पुसत राहिलो, मग कडेवरून बारीक पॉलिशपेपर अगदी हलक्या हाताने फिरवला. बेअरिंगमधलं जुनं घट्ट तेल काढून नवीन घातलं. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, ज्या रबरी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) टेकतो ते मात्र बोटाने दाबताच भुगा झाले, या मॉडेलचं हे नेहमीचंच दुखणं, नवीन बसवावेच लागतात.

आता पत्र्याच्या चेसिसखाली प्लायचे थर चिकटवून जड प्लिंथ, म्हणजे बैठक, करतोय, कारण मोटरची थरथर चाकातून थेट सुईपर्यंत जाते. पण तबल्याचा बायाँ असा भरीव ऐकू येतो ना, की बेल्टवाला लावावासाच वाटत नाही.