अर्धा तास, एका दमात

फोंड्यात आमच्या वाड्यावर कुणी विचारलं, हल्ली काय करतोस, तर मी "चेलो शिकवतो" म्हणतो आणि सवयीने दोन्ही हात पसरून आकार दाखवतो. "हां, ते मोठं व्हायोलिन." वीस वर्षं झाली, मी दुरुस्त करणं सोडून दिलंय. बाबांचं दुखणं वेगळं. "पेटी शिकला असतास तर भजनाला तरी बसला असतास." आमच्याकडे आजोबांपासून भजनाची पेटी. मी चौदाव्या वर्षी कांपालला कला अकादमीत गेलो तोही व्हायोलिन शिकायलाच. तिथे सरांनी माझी लांब बोटं पाहिली आणि चेलोच्या खुर्चीत बसवलं.

गोव्यात व्हायोलिनवाल्यांना तोटा नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून सोल्फा, म्हणजे पाश्चात्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतून मुंबईच्या सिनेसंगीतात गेले, आणि पुढे प्यारेलाल, आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. चेलोवाले मात्र मोजकेच. म्हणून काम मिळतं. आणि चुकलं तर सांगणारं कुणी नसतं, म्हणून हात गंजतो. हे मला कळायला फार वर्षं लागली.

माझा धंदा असा: फोंडा, पणजी, मडगाव मिळून तेरा विद्यार्थी, बहुतेक अर्ध्या किंवा पाऊण मापाच्या चेलोवर शिकणारे. नोव्हेंबरपासून लग्नं. नवरी आत येताना पाखेलबेलचा कॅनन ठरलेला. त्यात व्हायोलिनवाले मजा करतात आणि चेलोवाला तेच आठ स्वर २८ वेळा वाजवतो. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, लग्नं नसतात, पावसात हॉटेलांचे कार्यक्रम थंडावतात. तेव्हा शिकवण्यांवर घर चालतं. शिकवण्या वाढल्या तसा माझा रियाज आटला. मुलांना दाखवण्यापुरतं चार-चार मापं (बार) वाजवायचं, बस्स. अख्खी रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी वाजवली होती, ते आठवेना.

२०२३च्या मे महिन्यात एका शाळेने विचारलं, संगीत परीक्षांच्या आठव्या ग्रेडच्या पुढचं काही आहे का? नव्हतं. त्या रात्री एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या एआरएसएम डिप्लोमाचे नियम वाचून काढले. त्यात स्केल्स नाहीत, साइट-रीडिंग (न पाहिलेली रचना आयत्या वेळी वाचून वाजवणं) नाही. साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम द्यायचा, त्यातली किमान २० मिनिटं त्यांच्या यादीतली, उरलेलं आपल्या पसंतीचं पण आठव्या ग्रेडच्या तोडीचं किंवा वरचं. गुण ५०पैकी, उत्तीर्ण व्हायला ३४. आणि व्हिडिओ पाठवला तरी चालतो, फक्त तो एका दमात घेतलेला हवा, मध्ये कुठे कापाकापी नको. मला वाटलं, घरबसल्या आहे, सोपं आहे.

कार्यक्रम ठरला: बाखच्या तिसऱ्या चेलो स्वीटमधला (रचनामालिकेतला) प्रील्यूड आणि दोन बूरे, म्हणजे नाचाच्या चालीचे तुकडे, मग फोरेची एलेजी, शेवटी ब्राम्सच्या ई मायनर सोनाटाचा पहिला भाग. ब्राम्समधली पुनरावृत्ती धरली तर एकूण २९ मिनिटं. बाखला एकट्याचा चेलो पुरतो, पुढच्या दोन्हींना पियानो लागतो, आणि ब्राम्सला तर नुसती साथ करणारा चालत नाही, बरोबरीने वाजवणारा लागतो. सांताक्रूझच्या एक टीचर आहेत, सत्तरीच्या. मी लहान असताना माझ्या ग्रेडच्या परीक्षांना त्याच पियानोवर असायच्या. फोन केला तर म्हणाल्या, "ब्राम्स? आनी पावसांत? यो, पुता, यो."

जूनमध्ये तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी दुसऱ्या पानाशी त्या थांबल्या. "तूं धांवता." मी म्हटलं, नाही टीचर, तुम्ही मागे राहताय. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा पहिल्या मापापासून सुरू केलं.

मी पहाटे पाचला उठू लागलो. सातनंतर दिवस माझा राहत नाही. खर्जाच्या तारेवर लांब गज, घोडीजवळ, सावकाश. हे मी मुलांना रोज सांगतो आणि स्वतः कित्येक वर्षांत केलं नव्हतं. पहिला आठवडा डाव्या हाताची करंगळी संध्याकाळपर्यंत ठणकायची.

जुलैच्या मध्यावर चेलो बोलेनासा झाला. म्हणजे आवाज यायचा, पण ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा, आणि मधल्या तारांवर एक बारीक खरखर. पावसात लाकूड फुगतं, वरची फळी उचलली जाते, तारा बोटांपासून लांब जातात, गजाचे केस लांबतात आणि स्क्रू कितीही पिळला तरी ढिलेच राहतात. हे सगळं दरवर्षीचं. खरखर नवी होती. चेलोच्या कडेकडेने बोटाच्या पेराने ठोकत गेलो, तर खाली उजव्या अंगाला आवाज बदलला. सांधा उघडला होता.

मडगावजवळ एक म्हातारे कारागीर आहेत. पूर्वी फर्निचर करायचे, आता फक्त व्हायोलिनं दुरुस्त करतात. मी रडवेला होऊन गेलो, त्यांनी चष्मा लावून उघडलेल्या फटीत पातळ पातं घातलं आणि हसले. म्हणाले, उघडला म्हणून नशीब समज. सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवतात. तो सुटला नसता तर फळी तडकली असती. गरम सरस, शिकंजे, दोन दिवस. हात लावलाच आहे तर म्हणून त्यांनी आतली ती छोटी उभी दांडी, ज्याला आम्ही साउंडपोस्ट म्हणतो, केसभर सरकवली. ती दांडी कुठेच चिकटवलेली नसते, वरच्या-खालच्या फळ्यांच्या दाबाने उभी असते. ते तिला आल्मा म्हणतात. पोर्तुगीजमध्ये आल्मा म्हणजे आत्मा. परत आणल्यावर खर्जाची तार छेडली तर आईने स्वयंपाकघरातून विचारलं, नवीन घेतलास काय?

आता रेकॉर्डिंग. टीचरच्या घरातली साल, म्हणजे दिवाणखाना, मोठी, वर मंगळुरी कौलं, ऐकायला सुंदर. पण पाऊस आला की कौलांवर ताशा वाजतो. पंखा बंद, कारण त्याची घरघर फोनमध्ये येते. खिडक्या बंद, कारण रस्ता. फरशी गुळगुळीत, म्हणून चेलोचा खालचा खिळा घसरू नये यासाठी खुर्चीच्या पायाला पट्टा बांधलेला. पियानोचा सूर ओलाव्याने चढला होता, त्याला पर्याय नाही, मीच तारा वर चढवल्या.

पहिल्या खेपेला फोरेच्या मध्यावर सर आली. दुसऱ्या खेपेला बूरेमध्ये पोदेर आला. संध्याकाळचे पाव घेऊन, तो रबरी भोंगा दाबत, पोंय, पोंय, नेमका माझ्या विरामात. टीचर इतक्या हसल्या की त्या दिवशी पुढे काही झालं नाही. तिसरी खेप चांगली चालली होती. २४व्या मिनिटाला फोनने जागा संपल्याचं कळवलं. दोष माझाच, मुलांच्या तालमींचे व्हिडिओ कधी पुसले नव्हते. सप्टेंबर उजाडला, चतुर्थी १९ तारखेला, आणि आजूबाजूला घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावरच्या आरत्यांच्या, तालमी सुरू झाल्या. घुमटाशी भांडण नाही, मीही आरतीला बसतो, पण ब्राम्सखाली घुमट बसत नाही.

त्या अर्धवट व्हिडिओंचा एक उपयोग झाला. पणजीच्या माझ्या एका विद्यार्थिनीला, अकरा वर्षांची आहे, मी तिसरी खेप दाखवली. हेतू असा की सर कसे वाजवतात ते बघ. तिने दोन मिनिटं पाहिलं. "सर, तुम्ही पण खांदा वर काढता. आणि तोंडाने मोजता." ती चुकत नव्हती. बूरेभर माझे ओठ हलत होते. गेल्या वर्षभर मी तिला याच दोन गोष्टींवरून टोकत होतो. पुढचे दहा दिवस दात मिटून, आरशासमोर वाजवलं. खांदा अजून पूर्ण उतरलेला नाही.

पाचवी खेप आम्ही एका सोमवारी दुपारी अडीचला घेतली. पोदेर नाही, शाळेच्या बसेस नाहीत, जेवून गाव आडवा झालेला. कॅमेऱ्यासमोर नाव आणि रचना सांगितल्या. प्रील्यूड सी वरून खाली उतरतो तेव्हा पहिला सी स्वच्छ लागला की मला धीर येतो. लागला. फोरेमध्ये तीच विलापाची ओळ दुसऱ्यांदा अगदी हळू येते, तिथे घामाने बोट अर्धा सूर घसरलं. थांबावंसं वाटलं. टीचर थांबल्या नाहीत. ब्राम्सचा शेवटचा ई विरल्यावर आम्ही दोघंही पुतळ्यासारखे बसलो, कारण फोन चालू होता.

निकाल आला तेव्हा मी एका लग्नाला बाणावलीत होतो, चर्चच्या आवारात गाडीतून चेलो काढत. ४१. डिप्लोमा मिळाला, मेरिटसह. त्यामुळे त्या शाळेने आठवड्यातून दोन तास दिले. मैफलींची बोलावणी त्याने आलेली नाहीत, आणि येतील असं मला वाटतही नव्हतं.

परीक्षकांनी खर्जाच्या आवाजाबद्दल छान लिहिलं होतं. ब्राम्सबद्दल एक वाक्य होतं: मधल्या भागात लय पुढे पळते, पियानो सावरून घेतो. मी तिथूनच टीचरना फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

"हांवें जूनांत सांगिल्लें," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.