त्र्यंबकेश्वरच्या वहीतले तीन भाऊ

नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरवर असलेल्या त्र्यंबकेश्वरी बहुतेक लोक दर्शनाला नाहीतर पूजेला जातात. मी आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या मात्र मुख्यतः एक वही पाहायला गेलो होतो. तेथील तीर्थोपाध्यायांच्या घरांत यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. आलेल्या माणसाचे मूळ गाव, त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव, सोबतचे भाऊ, मुलगे आणि आल्याची तिथी असे सारे त्यांत लिहून ठेवण्याची पद्धत आहे. पुण्यात थायरॉईडच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी घराण्यात कोणाकोणाला काय काय आजार होते असे विचारले होते, आणि तोच प्रश्न मी आत्याला विचारत राहिले होते. तिच्या उत्तरांमधून कधीतरी वहीचा विषय निघाला. ‘आपलं सगळं त्र्यंबकच्या गुरुजींकडे लिहिलेलं आहे,’ असे तिचे वडील म्हणत असत, एवढाच धागा आमच्या हाती होता.

नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा रस्ता ठरलेलाच आहे आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. पण एक तक्रार नोंदवल्यावाचून राहवत नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला दर तासाभराने उतरून पाय मोकळे करावे लागतात, आणि आम्ही जेथे जेथे थांबलो तेथे तिला आधाराला धरता येईल असा एकही दांडा स्वच्छतागृहात नव्हता. चकचकीत उपाहारगृहांत चहाचे पंधरा प्रकार मिळतात, पण म्हाताऱ्या माणसाला उठता-बसता यावे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. वयस्क स्त्रिया प्रवास टाळतात, तहान लागली तरी पाणी पीत नाहीत, यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते, आणि त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही.

पहिला दिवस दर्शनाच्या रांगेतच गेला. नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले ते काळ्या पाषाणाचे देऊळ सुंदर आहे, गर्दी असह्य आहे, आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आम्ही खालूनच पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या घरी गेलो. बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. आत्या उंबऱ्यातच थबकली हे पाहून गुरुजींनी काही न विचारता आतून खुर्ची आणून ठेवली आणि सूनबाईंना सुंठ घालून चहा करायला सांगितले. आमच्या आधी जळगावकडचे एक जोडपे येऊन बसले होते. गुरुजी माडीवर वह्या शोधत असताना त्या काकूंनी आत्याच्या पायांकडे पाहून विचारले, “किती दिवसांपासून आहे हो तुम्हाला हे?” आणि तेथून जी बोलणी सुरू झाली ती तासभर थांबली नाहीत.

निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधावा, असे काकू सांगत होत्या. आत्याच्या मते त्याने दोन दिवस बरे वाटते, पण मांडी घालून बसणे सोडले तेव्हाच खरा आराम पडला. काकांना पित्ताचा त्रास होता. ते खिशातून आमसुले काढून चघळत होते आणि आम्हालाही देत होते. “आमच्या घराण्याचं पोटच नाजूक,” काका म्हणाले, “वडिलांचं तेच, आजोबांचंही तेच.” त्यावर आत्याने आमच्या घराण्याचे गुडघे, तिच्या आजीचा दमा, चुलत्यांना उतारवयात लागलेली साखर आणि तिच्या आईचा सुजलेला गळा असे एकामागून एक सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांना हवे होते ते मला तेथे, अनोळखी माणसांसमोर, आमसूल चघळता चघळता मिळत होते. मी भराभर लिहून घेतले. एकट्या माझ्या प्रश्नांना एवढी उत्तरे कधी मिळाली नव्हती. काकूंनी आपल्या आईचे दुखणे सांगितले की आत्याला आपल्या आईचे आठवायचे.

गुरुजी बासनात बांधलेल्या लांबट वह्या घेऊन खाली आले. जुनी पाने मोडी लिपीत होती. आधी आडवी रेघ पानभर ओढून घेतलेली आणि तिच्याखाली बोरूने, हात न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांत गुंतलेली. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यामुळे नाव वाचताना गावाचा आणि बापाच्या नावाचा आधार घ्यावा लागतो, हे गुरुजींनी बोट ठेवून दाखवले. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली आहे. पण गुरुजी ती लिपी वडिलांच्या मांडीवर बसून शिकले होते आणि वर्तमानपत्र वाचावे तशी वाचत होते.

माण तालुक्यातले आमचे गाव निघाले, आडनाव निघाले. शके १८३४ मध्ये, म्हणजे १९१२ साली, माझे खापरपणजोबा आपल्या तीन मुलांना घेऊन आले होते. तिघांची नावे ओळीने लिहिलेली होती. त्याच पानावर खाली शके १८४१ ची नोंद होती. तेव्हा खापरपणजोबांसोबत एकच मुलगा होता, धाकटा, म्हणजे आत्याचे आजोबा. उरलेल्या दोघांच्या नावांआधी ‘कै.’ लिहिलेले होते. गुरुजी वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, “सात वर्षांत दोन मुलगे गेले यांचे.”

आत्या खुर्चीतून पुढे वाकली. “मानमोडीत गेले,” ती म्हणाली. “माझी आजी सांगायची. आठ दिवसांत दोन दीर. घरात पाणी द्यायला उठेल असं माणूस नव्हतं.”

१९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईमार्गे पसरलेल्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे गेली असे मानले जाते, आणि त्याच वर्षी पाऊसही फसला होता. हे मी पूर्वी वाचलेले होते. मात्र आमच्या घरातील दोन तरुण त्यात होते, त्यांची नावे काय होती आणि माझ्या पणजोबांना एकट्याने घर का चालवावे लागले, हे मला त्या खोलीत कळले. आत्याला साथ ठाऊक होती, दिरांची नावे ठाऊक नव्हती. वहीत नावे होती, मरणाचे कारण नव्हते. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि मलाही बोलवेना.

तरीही एका गोष्टीचे मला वाईट वाटले आणि ते मी गुरुजींना बोलून दाखवले. पाणी द्यायलाही माणूस नसताना जी उठली ती आत्याची आजी होती, वयाने अठरा-एकोणीस वर्षांची, आणि त्या दोन्ही पानांवर तिचे नाव कोठेही नव्हते. त्या दोन भावांच्या बायकांचे तर आत्यालाही सांगता आले नाही. गुरुजींनी वाद घातला नाही. पूर्वी सोबत आलेल्या बायकांची नावे क्वचितच लिहीत, आता आपण सर्वांची लिहितो, असे सांगून त्यांनी नवे पान उघडले. आत्याने सांगितलेली आजीची, आईची आणि मावश्यांची नावे त्यांनी स्वच्छ बाळबोध अक्षरांत लिहिली आणि खाली आम्हा दोघींच्या सह्या घेतल्या. दक्षिणेचा आकडा त्यांनी उच्चारलासुद्धा नाही. तीर्थक्षेत्री आपल्याला नाडले जाते अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला आलेला अनुभव असा होता, म्हणून तो मुद्दाम येथे लिहिते.

कोणाला आपल्या घराण्याचा शोध घ्यायचा असेल तर त्याने घरातले सर्वांत वयस्क माणूस सोबत न्यावे, त्याची औषधे आणि गरम पाण्याची पिशवी न्यावी, आणि गावाचे जुने नाव व तालुका आधी विचारून ठेवावा. आमचे काम अजून अर्धेच झाले आहे. त्या दोन विधवा जावांपैकी एक फलटणला माहेरी परत गेली असावी, असे आत्याला परतीच्या वाटेवर संगमनेरजवळ आठवले. तेथे आमच्या नात्यातल्या एक आजी आहेत. त्यांनाही दम्याचा त्रास आहे, तेव्हा थंडी सुरू होण्याआधी फलटणला जायचे ठरले आहे.