लांबडी एसएसडी आणि भाचीचा लॅपटॉप

तीन वर्षांपूर्वी भाचीसाठी लॅपटॉप घेतला. बजेट तीस हजारांच्या आत, म्हणून ८ जीबी रॅमवाला स्लिम सोडून मी मुद्दाम ४ जीबीचा जाडा घेतला, कारण त्यात रॅमचा एक स्लॉट रिकामा होता, एसएसडीसाठी (हार्डडिस्कहून वेगवान स्टोरेजची पट्टी) एम.२ स्लॉटही होता, म्हटलं नंतर हळूहळू वाढवू. ताई म्हणाली, "अरे, पोरगी रोज नाशिकच्या सिटीलिंक बसमध्ये लोंबकळत जाते, हे धूड कशाला?" ऐकतोय कोण.

रॅम टाकणं सोपं गेलं. ४ बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे काढता न येणारी, ८ ची स्टिक लावली, झाले १२. (यात पहिले ८ ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन वाटांनी एकदम, चालतात, उरलेले ४ सिंगलला, पण क्रोमच्या वीस टॅबना काय फरक पडतो.)

एसएसडीला मात्र माती खाल्ली. एमजी रोडवरून २२८० मापाची घेऊन आलो, जुन्या एटीएम कार्डाने मागचं कव्हर कटकट करत उघडलं आणि बघतो तर स्लॉट २२४२ चा! म्हणजे जागा ४२ मिलिमीटरची आणि माझी एसएसडी ८० ची. परत मेहेर सिग्नल, परत पार्किंग शोधा. छोटी आणली तर ती दाबून धरणारा इवलासा स्क्रूच कंपनीने दिलेला नाही, झाली तिसरी चकर. पण हार्डडिस्कवरून विंडोज एसएसडीवर नेल्यावर मशीन अक्षरशः पळायला लागलं, ते समाधान वेगळंच.

आणि मग दिवाळीत फोन, "मामा, स्क्रीन हलतेय." डावं हिंज, म्हणजे स्क्रीनचं बिजागर, प्लास्टिकमधून उपटलेलं. स्वस्त लॅपटॉपात हिंजचे स्क्रू प्लास्टिकच्या बुंध्यात बसवलेले असतात, तो बुंधा फुटला की बॉडीच बदला. तिथे कुठला स्लॉट? स्क्रीन तर पहिल्या दिवसापासून फिकट, तिरकं बघितलं की रंग उडालेले.

सोल्डर रॅमला मीही शिव्या घालायचो, पण सोल्डर करतात ती एलपीडीडीआर जातीची रॅम बॅटरी कमी खाते, जागा कमी घेते, कनेक्टरचा खर्च वाचतो, हे खरंच आहे. आता धाकट्या भाच्यासाठी बघतोय. १६ जीबी असेल तर सोल्डर चालेल, एसएसडी मात्र बदलता आली पाहिजे, आणि दुकानात झाकण दहादा उघडून-मिटून बघणार, दुकानदार वैतागला तरी.

ती लांबडी एसएसडी यूएसबीच्या डबीत घालून मीच वापरतोय.