एक हात मारून द्या फक्त

"रंगाचा एक हात मारून द्या फक्त, चकचकीत दिसला पाहिजे," एवढं सांगून मालक बोटीचा ट्रेलर ठेवून गेले. पैसे मोजकेच, हेही आधीच बजावलं. सँडब्लास्टिंगचं, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज उडवायचं, नाव काढायची सोय नव्हती.

लोकांना वाटतं, गंज दिसला की ग्राइंडर चालवायचा. खाऱ्या पाण्यातल्या लोखंडाला आधी गोड्या पाण्याने घासून धुवावं लागतं. खड्ड्यांत मीठ राहिलं तर वर कितीही भारी रंग मारा, खालून फोड येतातच. धुऊन सुकल्यावर पोपडे हातोडी-छिन्नीने उडवायचे, मग ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पाकळ्यांची चकती. नुसत्या तारेच्या ब्रशवर भागत नाही. तो गंजाला घासून गुळगुळीत करतो आणि ती तपकिरी चमक बघून आमचा नवा पोरगा "झालं" म्हणून मोकळा होतो.

पोपडे उडवताना मागच्या आडव्या बॉक्स पाइपवर हातोडी पडली आणि 'ठण्ण'ऐवजी 'थप्प' आवाज आला. खरवडलं तर आत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी! कुणीतरी भोकं लांबीने बुजवून, पॉलिश पेपर मारून, वर झकास रंग दिलेला. पाणी निचरायचं भोकही रंगानेच बंद. म्हणजे आत शिरलेलं खारं पाणी तिथेच बसून पाइप आतून खात होतं. आणि बोटीच्या मागच्या बाजूचा भार घेणारे रोलर नेमके याच पाइपवर. असा कारागीर समोर आला तर त्याला त्याच ट्रेलरमागून गाडी चालवायला लावावं.

मालकांना बोलावून स्क्रूड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. जरा दाबला तर आरपार. थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "तेवढं सोडून बाकीचं रंगवा ना."

मी नाही म्हटलं. रंगवला असता तर दिसायला नवाच दिसला असता, आणि त्याचीच मला भीती. घासाघीस होऊन ठरलं ते असं: पाइप बदलायचा आणि तो खर्च वरच्या रंगातून कापायचा.

नव्या पाइपला खालच्या टोकाला भोकं पाडली, वेल्डिंगचा मळ छिन्नीने काढला. पाण्यात बुडणाऱ्या भागाला दोन डब्यांतलं एकत्र मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, वरच्या भागाला साधा रेड ऑक्साइड प्रायमर. आधी इपॉक्सी, त्यावर ऑइल पेंट, हा क्रम उलटा चालत नाही. इपॉक्सीवर वेळेत ऑइल पेंट बसतो, पण ऑइल पेंटवर इपॉक्सी मारला तर खालचा थर सुरकुत्या पडून सुटू शकतो. कडांना आणि वेल्डिंगच्या शिवणींना आधी ब्रशने वेगळा हात दिला, कारण ओला रंग धारेवरून मागे सरतो आणि तिथेच पातळ राहतो. गंज पहिल्यांदा कडेलाच का येतो, त्याचं उत्तर हे. या कामाला वेळ लागतो आणि कुणाला ते दिसत नाही. शेवटचा हात इनॅमलचा, तोही ब्रशने, एकच.

न्यायला आले तेव्हा मालकांनी पुढच्या दांड्यावरून बोट फिरवलं. "ब्रशच्या रेघा दिसतात हो." मागे वाकून पाइप बघितला नाही. मी सांगितलं, पाण्यातून काढला की दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, आणि लांबून आलात तर चाकाचा हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो मधला भाग, गार झाल्याशिवाय पाण्यात घालू नका. गरम हब पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. "हो हो," म्हणाले.

त्यांच्या तुटपुंज्या पैशांपैकी बराचसा भाग मी त्यांना न दिसणाऱ्या जागी घालवला. त्यांनी होकार दिला होता, पण मनापासून नव्हे. मी पाइप बदलल्याशिवाय रंगाला हात लावणार नाही म्हटल्यावर. पैसे त्यांचे, ट्रेलर त्यांचा, रस्ता मात्र सगळ्यांचा. कुठपर्यंत अडून बसावं, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. पुढचं काम ते दुसरीकडे देतील, असं त्यांच्या चेहऱ्यावरून तरी वाटलं.