होळी झाली, दिवाण हलवा

धुळवडीचा रंग बाथरूमच्या फरशीवरून निघायच्या आत आमच्या घरात एक वाद सुरू होतो. दिवाण कुठे ठेवायचा? ह्यांचं म्हणणं, टीव्हीसमोर आहे तिथेच राहू दे. माझं म्हणणं, कूलरच्या झोतात. गेली ११ वर्षं मीच जिंकते, तरी दर मार्चला पहिल्यापासून भांडावं लागतं.

नागपुरात उन्हाळ्यासाठी घर लावायचं म्हणजे आधी कूलर कुठल्या खिडकीत बसणार ते ठरवायचं. मग पलंग, दिवाण, पोरीचं अभ्यासाचं टेबल, सगळे मुकाट त्याच्याकडे तोंड करून बसतात. माझ्या पुण्याच्या नणंदेला याची फार गंमत वाटते. तिच्याकडे उन्हाळा आला की सोफ्यावर लिंबू रंगाच्या उश्या येतात. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. उशीचा रंग कोण बघतं हो!

पण शहाणपण मलाही उशिराच आलं. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरचे फोटो बघून हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीला पांढरे झिरझिरीत पडदे लावले आणि दिवाणापुढे तागाचा गालिचा अंथरला. पडदे दिसायचे झकास. दुपारी तीननंतर मात्र त्या खिडकीजवळच्या सोफ्यावर मांजरही बसेना. गालिचा कूलरच्या तोंडी, म्हणजे रात्रभर ओली हवा खाणार. पंधरा दिवसांत हॉलमध्ये भिजल्या पोत्याचा वास. उचलला तर खाली फरशीवर तपकिरी डाग. तो अजून गेलेला नाही, म्हणून माठाची तिवई त्यावर आहे. येणारे म्हणतात, माठाची जागा छान निवडली.

सासूबाई नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात वाढलेल्या. गालिचा बघून तेव्हाच म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात घर मांडत नसतात वं, उन्हाळ्यात घर काढा लागते." आता तेच करते. मखमली खोळी, पायपुसणी, शोकेसमधल्या कापडी बाहुल्या, सगळं कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत. फरशी उघडी. दिवाणावर सुती चादर, जमिनीवर एक चटई. पहिले दोन दिवस घर भाड्याने द्यायला काढल्यासारखं दिसतं, मग डोळ्यांना बरं वाटायला लागतं.

पडद्यांसाठी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले आणि जाड सुती कापड घेतलं, मेंदीच्या रंगाचं. अस्तर पांढरं, काचेच्या बाजूला. पण खरं काम केलं ते बाल्कनीत बाहेरून सोडलेल्या बांबूच्या चिकेनं. ऊन एकदा काचेच्या आत आलं की पडदा कितीही जाड असो, गरमी घरातच राहते. अडवायचं तर बाहेरच. चारच्या सुमारास चिकेवर दोन मग पाणी मारायचं, हे काम पोरगी न सांगता करते. बाकी कुठलंच करत नाही.

आणि खस. आपण सगळे कूलरच्या ज्या गवताला खस म्हणतो ते बहुतेक लाकडाचे बारीक काप असतात. खरी खस म्हणजे वाळ्याची मुळं. महाग पडते, म्हणून मी एकाच बाजूला ती लावते, बाकी दोन्हीकडे साधं गवत. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागेस्तोवर सगळं पांढरं आणि कडक होतं. पण पहिल्या संध्याकाळी पंप सुरू केल्यावर जो वास सुटतो, त्यापुढे कुठलीही अगरबत्ती ठेवा.

पाहुण्यांना एकच विनंती असते. कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी आहे ती बंद करू नका. ओली हवा बाहेर गेली नाही तर घर चिपचिप होतं आणि कपाटातली पुस्तकं फुगतात. त्या खिडकीला म्हणूनच पडदा नाही, नुसती जाळी आणि कट्ट्यावर मोगऱ्याची कुंडी.

काल दिवाण हलवला. खाली टीव्हीचा जुना रिमोट सापडला, गेल्या वर्षी सगळं घर पालथं घालूनही न मिळालेला. ह्यांनी तो पुसला, खिशात टाकला आणि काही न बोलता मोजपट्टी शोधायला गेले. आता टीव्ही कूलरच्या भिंतीला न्यायचा म्हणे.