नॉर्मंडीच्या कुरणांतून: बालूबे द्यू रुएच्या मुलखात

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकावरून काँ सुमारे दोन तासांवर, तिथून छोट्या गाडीने सँ-लो. वाटेत झाडोऱ्याच्या कुंपणांनी वेढलेली लहान लहान कुरणं, त्यांत घोड्या आणि त्यांच्या पायाशी शिंगरं. १८०६ साली नेपोलियनच्या हुकमाने इथे सरकारी पागा सुरू झाली. शो जंपिंगवर, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या खेळावर, जीव असेल तर हा मुलूख बघायलाच हवा, कारण बालूबे द्यू रुए हा नॉर्मंडीचाच घोडा.

इकडे नावावरून घोड्याचं वय कळतं. सेल फ्रान्से जातीत प्रत्येक वर्षाचं आद्याक्षर ठरलेलं असतं. 'ए' ते 'व्ही' अशी २२ वर्षं झाली की पुन्हा 'ए'. आल्मे १९६६चा, त्याचा मुलगा गालूबे १९७२चा आणि गालूबेचा बालूबे १९८९चा, म्हणून 'बी'. बालूबेची आई मेझाँज 'एम'ची, म्हणजे १९७८ची. तिचा बाप स्टार्टर आणि आजा रांत्सो हा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या जातीचा. गालूबेच्या आजोळी दुडक्या शर्यतीच्या घोड्याचं रक्त होतं. वंशावळ वाचताना नुसत्या बापाच्या नावावर भाळू नये, आजोळ आधी बघावं.

ब्राझीलचा स्वार रॉद्रिगो पेसोआ याच्या हाताखाली या तांबूस घोड्याने १९९८, १९९९ आणि २००० अशा सलग तीन वर्ल्ड कप फायनल जिंकल्या. असं दुसऱ्या कुठल्याही घोड्याला जमलेलं नाही. २०००मध्येच सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण हाताशी आलं असताना तो तीनदा अडला आणि बाद झाला. (आता दुसऱ्या नकारालाच बाद करतात.) जोडअडथळ्यात दोन उड्यांमध्ये एका ढांगेसाठी साधारण साडेसात-आठ मीटर जागा असते. पहिल्या उडीतच जोर कमी पडला तर पुढची ढांग आखूड पडते, आणि जाणता घोडा उडी न घेता थांबतो. २००४मध्ये अथेन्स ऑलिंपिकला त्याला रौप्य मिळालं. विजेत्या घोड्याच्या चाचणीत बंदी असलेली औषधं सापडल्यावर ते सुवर्ण झालं.

२०१७मध्ये तो गेला. पण स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) गेला तरी त्याच्या वीर्याच्या गोठवलेल्या कांड्या उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये राहतात. आपल्याकडे गाई-म्हशींना भरतात ती कांडी, तिला आजचं रूप देणारे रोबेर कासू याच नॉर्मंडीतल्या लेगल गावचे. गाईची कांडी पाव मिलीची, घोड्याची बहुधा अर्ध्या मिलीची, आणि एका वेळी अनेक लागतात. सकाळी माज दिसला की संध्याकाळी भरायचं, हा गोठ्यातला हिशोब घोडीला चालत नाही. तिचा माज पाच-सात दिवस टिकतो आणि बीज सुटतं शेवटाकडे. म्हणून सोनोग्राफीत बीजकोश ३५ मिमीचा दिसला की इंजेक्शन देतात. साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. त्या सुमारास दर सहा तासांनी तपासणी, मग रात्र असो वा पहाट. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून लगेच भरतात. गोठवलेलं वीर्य आत गेल्यावर फार तास टिकत नाही, त्यामुळे बहुतेक चुका वेळेच्याच होतात.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. जुळं दिसलं तर एक गर्भ तेव्हाच दाबून काढतात. उशीर झाला तर बहुधा दोन्ही जातात.